एकाच उजेडाचे अनेक फोटो

१९९५ साली मुंबईच्या चर्चगेट स्थानकावर दोन मोठ्या छायाचित्रकारांनी फोटो काढले. एक ब्राझीलचे सेबॅस्टियाओ साल्गादो, दुसरे आपले रघु राय. साल्गादोंच्या चौकटीत लोकल गाड्या थांबल्या आहेत आणि फलाटावरून माणसांचा लोंढा पुढे सरकतो आहे. गाड्या स्पष्ट आहेत. चेहरे मात्र ओळखू येत नाहीत, कारण डोकी, खांदे आणि पिशव्या एकमेकांत मिसळून गेल्या आहेत. राय यांच्या फोटोतही गर्दी अशीच पुसट आहे, पण त्या धावपळीत वर्तमानपत्र वाचणारी माणसं ठळक उठून दिसतात. एकाने गर्दी हेच पात्र मानलं. दुसऱ्याने गर्दीत स्वतःपुरती शांतता राखणारी माणसं शोधली. दोघांनीही शटर नेहमीपेक्षा जास्त वेळ उघडं ठेवलं होतं.

त्याच फलाटावर ऑटो मोडवरच्या कॅमेऱ्याने काय केलं असतं? हात हलू नये, माणसं पुसट येऊ नयेत, अशी शटरची गती त्याने निवडली असती. चेहरे स्वच्छ दिसले असते, उजेडही बेताचा आला असता. तांत्रिकदृष्ट्या त्या फोटोत खोट काढता आली नसती, पण चर्चगेटची धावपळ त्यात उतरली नसती.

कॅमेरा शिकणाऱ्याने सुरुवातीपासूनच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. योग्य उजेड एकापेक्षा जास्त मार्गांनी मिळतो आणि त्यातला कोणता मार्ग घ्यायचा, हा छायाचित्रकाराचा निर्णय असतो. एक्स्पोजरचं गणित शाळकरी मुलालाही जमेल इतकं सोपं आहे. त्या गणिताची अनेक उत्तरं बरोबर असतात. त्यांतलं आपलं कोणतं, हे ठरवायला डोळा लागतो. तो डोळा तयार होतो थोरांचे फोटो त्यांच्या निर्णयांसकट वाचून. या प्रकरणात दोन्ही कामं एकत्र करू.

तीन आकडे, एक माप

भिंगातल्या छिद्राचा आकार म्हणजे ॲपर्चर. शटर किती वेळ सेन्सरवर किंवा फिल्मवर प्रकाश पडू देतं, तो शटर स्पीड. आणि मिळालेला प्रकाश कॅमेरा किती वाढवून दाखवतो, तो आयएसओ. या तिन्हींना जोडणारं माप म्हणजे ‘स्टॉप’. एक स्टॉप वाढवला की उजेड दुप्पट, एक कमी केला की निम्मा.

शटरचं सरळ आहे. १/६० सेकंदाच्या निम्मा उजेड १/१२५ला, त्याच्या निम्मा १/२५०ला. आयएसओही सोपा: १००, २००, ४००, ८००, दर वेळी दुप्पट. गोंधळ होतो तो ॲपर्चरपाशी, कारण तिथे आकडा मोठा झाला की छिद्र लहान होतं. त्याचं कारण असं, की हा आकडा म्हणजे भागाकार आहे. भिंगाच्या फोकल लेंग्थला छिद्राच्या व्यासाने भागायचं. ५० मिलिमीटरच्या भिंगाचं छिद्र २५ मिलिमीटरचं असेल तर एफ/२ आणि सव्वासहा मिलिमीटरचं असेल तर एफ/८. व्यास एक-चतुर्थांश झाला म्हणजे क्षेत्रफळ एक-सोळांश झालं. म्हणून एफ/२ आणि एफ/८ यांच्यात चार स्टॉपचं अंतर पडतं. मधले टप्पे एफ/२.८, एफ/४ आणि एफ/५.६. पुढे एफ/११, एफ/१६, एफ/२२. ही मालिका पाढ्यासारखी पाठ करावी.

आता ढगाळ दुपार घ्या. आयएसओ १०० ठेवून एफ/८ आणि १/६० ला फोटो नीट येतो. मग एफ/४ आणि १/२५० लाही तो तितकाच उजळ येईल. एफ/२.८ आणि १/५००, एफ/१६ आणि १/१५ हेही चालेल. पाचशेच्या नोटेचे सुटे शंभरात घ्या की पन्नासात, रक्कम बदलत नाही. पण पुढे ज्याला पैसे द्यायचे आहेत त्याला काय चालेल, हे बघूनच आपण सुटे मागतो. इथेही तसंच. सेन्सरला मिळालेला उजेड सारखाच असला तरी एफ/२.८ च्या फोटोत मागचं झाड विरघळलेलं असेल आणि १/१५ च्या फोटोत चालणाऱ्या माणसाचे पाय हललेले असतील.

शटर: काळ किती घ्यायचा

१८३८ साली लुई दागेर यांनी पॅरिसच्या बुलेव्हार द्यू ताँप्ल या रस्त्याचं चित्र धातूच्या पत्र्यावर टिपलं. रस्ता वर्दळीचा, पण चित्रात तो ओस पडलेला दिसतो. पत्र्यावर प्रतिमा उमटायला काही मिनिटं लागत असल्यामुळे धावणाऱ्या घोडागाड्या आणि चालणारी माणसं उमटलीच नाहीत. कोपऱ्यात एक माणूस मात्र बूट पॉलिश करून घेत पाय रोवून उभा होता. तो उमटला. छायाचित्रात दिसलेल्या सुरुवातीच्या माणसांपैकी तो एक मानला जातो, आणि त्याचं श्रेय त्याच्या स्थिर उभं राहण्याला आहे. लांब शटरचा नियम तिथेच दिसून येतो: जे थांबतं ते राहतं, जे हलतं ते पुसलं जातं.

जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो यांनी १९७०च्या दशकात हा नियम टोकाला नेला. जुन्या चित्रपटगृहात मोठा कॅमेरा लावायचा, सिनेमा सुरू होताना शटर उघडायचं आणि सिनेमा संपला की बंद करायचं. पडद्यावरचे सगळे प्रसंग एकावर एक साचून एक पांढराशुभ्र आयत उरतो आणि त्याच पडद्याच्या उजेडात सभागृहाची नक्षी, खुर्च्या, छत स्पष्ट दिसतात. जास्त उजेडाने पडदा ‘बर्न’ झाला आहे असं कोणी म्हणेल, पण तो बर्न होणं हाच त्या फोटोचा विषय आहे.

दुसऱ्या टोकाला अमेरिकेतल्या एमआयटीचे हॅरॉल्ड एजर्टन. सफरचंदातून आरपार जाणारी गोळी त्यांनी १९६४ साली टिपली. साध्या यांत्रिक शटरला एवढा वेग जमत नाही आणि त्याची गरजही नव्हती. अंधारात शटर उघडं ठेवायचं आणि सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या घरातला एकच लखलखाट करायचा. त्या लखलखाटापुरतंच जग फिल्मला दिसतं. फ्लॅश वापरताना हे लक्षात ठेवावं: अंधाऱ्या जागी हालचाल गोठवतो तो फ्लॅश, शटर नव्हे.

या दोन टोकांच्या मध्ये आपला रोजचा व्यवहार चालतो. चालणारा माणूस गोठवायला १/२५० पुरतं. धावणाऱ्या मुलासाठी किंवा कबड्डीपटूसाठी १/१००० हवं. धबधब्याचं पाणी मऊ करायचं तर १/४ किंवा त्याहून हळू. कॅमेरा हातात धरून फोटो काढायचा असेल, तर शटर साधारण फोकल लेंग्थच्या उलट आकड्याइतकं तरी वेगवान ठेवावं: ५० मिलिमीटरला १/६०, २०० मिलिमीटरला १/२५०. भिंगात किंवा कॅमेऱ्यात हात स्थिर करणारी यंत्रणा असेल, तर याहून हळू जाता येतं. पण ती आपल्या हाताचा थरकाप सावरते, समोरच्या माणसाची हालचाल नाही.

आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा १९३२ सालचा साँ-लाझार स्थानकामागचा फोटो बहुतेकांनी पाहिला असेल. साचलेल्या पाण्यावरून एका माणसाने उडी घेतली आहे आणि त्याची टाच पाण्याला टेकायची आहे. नीट पाहिलं तर तो माणूस किंचित हललेला आहे. क्षण अचूक आहे, कडा अचूक नाहीत. आणखी वेगवान शटरने कडा धारदार झाल्या असत्या, पण त्या उडीतला वेग आज जितका जाणवतो तितका जाणवला असता का, हा प्रश्न प्रत्येक शिकणाऱ्याने स्वतःला विचारून पाहावा.

ॲपर्चर: किती खोलवर पाहायचं

छिद्र मोठं केलं की जिथे फोकस आहे तेवढाच पातळ थर स्पष्ट येतो. लहान केलं की जवळच्या दगडापासून दूरच्या डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट होतं. या स्पष्ट पट्ट्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात.

१९३२ साली कॅलिफोर्नियातल्या काही छायाचित्रकारांनी आपल्या गटाचं नावच ‘ग्रुप एफ/६४’ ठेवलं. ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम ही मंडळी त्यात होती. तोवर कलात्मक फोटो म्हणजे धूसर, चित्रासारखा फोटो, अशी समजूत होती. ती मोडायची म्हणून त्यांनी मोठ्या कॅमेऱ्याच्या सर्वांत लहान छिद्रांपैकी एकाचं नाव घेतलं. त्यांचं म्हणणं असं होतं, की छायाचित्राने छायाचित्रासारखंच दिसावं आणि पानाची शीर न् शीर त्यात दिसावी. एक ॲपर्चर एका पिढीची भूमिका बनलं, असं उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

याचा अर्थ आपणही एफ/६४ शोधावं असा नाही. त्यांच्या मोठ्या फिल्मला लांब भिंगं लागत आणि लांब भिंगाला स्पष्ट पट्टा अरुंद मिळतो. तो रुंदावण्यासाठी इतकं लहान छिद्र लागे. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात एफ/८ किंवा एफ/११ला निसर्गदृश्य पुरेसं खोल येतं. एफ/२२च्या पुढे गेलं तर प्रकाश लहान छिद्राच्या कडांवर पसरून उलट तीक्ष्णता कमी होते. मोबाइलच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. बहुतेक मोबाइलचं ॲपर्चर बदलत नाही. छिद्र जेमतेम काही मिलिमीटरचं आणि भिंगही छोटं, त्यामुळे जवळपास सगळंच स्पष्ट येतं. पोर्ट्रेट मोडमधली धूसर पार्श्वभूमी बहुतांशी गणिताने तयार केलेली असते. म्हणून मोबाइलवर शिकणाऱ्याने शटर आणि आयएसओ यांवर भर द्यावा.

व्यक्तिचित्रासाठी एफ/२ किंवा एफ/२.८ घ्यायची सवय लागते आणि ती अनेकदा योग्यच असते. पण पार्श्वभूमी पुसण्याआधी ती काय सांगते ते पाहावं. विणकराचा फोटो काढताना मागचा माग पुसला, तर विणकर हा फक्त एक चेहरा उरतो. अशा वेळी एफ/५.६ किंवा एफ/८ घ्यावं. माणूस आणि त्याचं काम, दोन्ही दिसतात.

आयएसओ: उजेड नाही, त्याची किंमत

आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर एक किरणही जास्त पडत नाही. कमी प्रकाशातला अशक्त संकेत कॅमेरा मोठा करतो आणि त्याबरोबर त्यातली खरखरही मोठी होते. फिल्मच्या काळात ही खरखर चांदीच्या क्षारांच्या दाण्यांच्या रूपात दिसायची. वेगवान फिल्म म्हणजे मोठे दाणे.

ही किंमत कधी मोजायची? ३० जानेवारी १९४८च्या रात्री दिल्लीत बिर्ला हाउसच्या फाटकापाशी पंडित नेहरूंनी गांधीजी गेल्याचं जमावाला सांगितलं. कार्तिए-ब्रेसाँ तिथे होते. त्याच दिवशी ते गांधीजींना भेटले होते. दिव्यांच्या तुटपुंज्या उजेडातला तो फोटो तांत्रिक कसोट्यांवर कमजोर ठरेल. पण त्या रात्रीचा अंधार आणि गोंधळ त्यात जसाच्या तसा आहे. गेलेला क्षण परत येत नाही, आणि खरखर असलेला फोटो हललेल्या फोटोपेक्षा बहुतेक वेळा बरा. म्हणून घरातला समारंभ, नाटकाचा रंगमंच, रात्रीचा गोंधळ-जागरण अशा ठिकाणी आयएसओ ३२०० पर्यंत न्यायला कचरू नये. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल आणि समोर काही हलत नसेल, तर मात्र १०० वरच राहावं.

रात्रीचं पॅरिस टिपणारे ब्रासाई हे १९३०च्या दशकात सिगारेट ओढून एक्स्पोजर मोजत. जरा उजेड असेल तर एका ब्रँडची सिगारेट संपेपर्यंत शटर उघडं, अंधार जास्त असेल तर सावकाश जळणारी जाड सिगारेट. मोजण्याचं साधन कोणतंही असो, वेळेचा अंदाज अंगवळणी पडलेला असावा.

मीटरला सगळं राखाडी दिसतं

कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोर काय आहे ते ओळखत नाही. समोरचं दृश्य मध्यम राखाडी आहे असं गृहीत धरूनच ते आकडे सुचवतं. त्यामुळे पांढरेशुभ्र सदरे आणि टोप्या घातलेल्या वारकऱ्यांची चौकटभर दिंडी टिपली, की कपडे मळकट राखाडी येतात. वेरूळचं काळ्या बसाल्टातलं कैलास लेणं टिपलं, की दगड फिका आणि धुतल्यासारखा येतो. उपाय मनाविरुद्ध वाटतो, पण तोच खरा आहे: पांढऱ्यासाठी एक ते दीड स्टॉप वाढवायचा, काळ्यासाठी साधारण एक स्टॉप कमी करायचा. आधुनिक कॅमेरे दृश्य ओळखून काही दुरुस्ती स्वतः करतात, तरी हा हात आपल्याला यायलाच हवा.

मागून उजेड येत असेल तेव्हा मीटर सर्वांत जास्त फसतं. १९४६ साली ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट पुण्यात गांधीजींचा चरख्यासह फोटो काढायला गेल्या. आधी त्यांना सूत कातायला शिकावं लागलं. झगझगीत प्रकाश गांधीजींना नको म्हणून फक्त तीन फ्लॅश बल्ब वापरायची परवानगी मिळाली. खोलीत उजेड कमी, त्यात गांधीजींच्या मागून खिडकीचा उजेड. बर्क-व्हाइट यांनी सांगितलं आहे, की पहिले दोन बल्ब वाया गेले आणि तिसरा लागला. तेव्हाचा बल्ब एकदाच पेटायचा. मुंबईत शिकलेल्या आणि पुढे दिल्लीत काम केलेल्या होमाई व्यारावाला याच पद्धतीचे बल्ब लावलेला जड स्पीड ग्राफिक कॅमेरा घेऊन त्या काळातले राजकीय सोहळे टिपत. स्क्रीनवर लगेच फोटो दिसण्याची सोय नसताना या स्त्रियांनी उजेडाचा अंदाज किती पक्का केला असेल, याची कल्पना केली की आदर वाटतो.

ॲडम्स यांचं गणित

अंदाज पक्का करणं म्हणजे काय, याचं सर्वांत सुंदर उदाहरण १९४१ सालच्या शरदातलं आहे. न्यू मेक्सिकोतून मोटारीने जाताना ॲन्सेल ॲडम्स यांना हर्नांडेझ गावावर चंद्र उगवताना दिसला. खाली स्मशानभूमीतले पांढरे क्रूस मावळत्या उन्हात चमकत होते. त्यांनी गाडी थांबवली आणि आठ बाय दहा इंचांचा कॅमेरा उभा केला, पण मीटर सापडेना. तेव्हा त्यांना आठवलं, की चंद्राची चमक दर चौरस फुटाला २५० कँडल असते.

इथे त्यांची झोन पद्धत कामी आली. ती त्यांनी फ्रेड आर्चर यांच्यासह त्याच्या एक-दोन वर्षं आधी बांधली होती. तिच्यात गडद काळ्यापासून शुभ्र पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा असे अकरा टप्पे असतात. पाचवा टप्पा मध्यम राखाडी. चंद्र उजळ दिसावा पण सपाट पांढरा होऊ नये, म्हणून त्यांनी तो सातव्या टप्प्यावर ठेवला. सातवा पाचव्याच्या दोन स्टॉप वर, म्हणजे चौपट उजळ. तेव्हा पाचव्याची चमक साधारण ६० कँडल. फिल्मचा वेग ६४. अशा फिल्मला वेगाच्या वर्गमुळाइतकं ॲपर्चर, म्हणजे एफ/८, आणि शटर चमकेच्या आकड्याच्या उलट, म्हणजे १/६० सेकंद, हा त्यांचा पाठ हिशेब होता. भिंगावरच्या पिवळ्या फिल्टरमुळे तिप्पट उजेड हवा, म्हणून १/२०. पण गावापासून डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट हवं, म्हणून एफ/३२. एफ/८ ते एफ/३२ चार स्टॉप, सोळापट वेळ. १/२० च्या सोळापट म्हणजे जवळपास एक सेकंद.

दुसरी प्लेट घेण्यासाठी त्यांनी होल्डर उलटवला तोवर क्रूसांवरचं ऊन गेलं होतं.

ही गोष्ट अनेकदा प्रतिभेची म्हणून सांगितली जाते. मला ती अभ्यासाची वाटते. चंद्राचा आकडा ॲडम्स यांना माहीत होता, कारण तो जाणून घ्यावा असं त्यांना वाटलं होतं. आणि ती एक प्लेटही परिपूर्ण नव्हती: पुढच्या भागात प्रकाश कमी पडला होता, तो त्यांनी पुढे रसायनाने दाट केला. पुढची अनेक वर्षं ते तिचे नवनवे प्रिंट काढत राहिले आणि आकाश अधिकाधिक काळं करत गेले. एक्स्पोजर हा पहिला निर्णय असतो. तो पुढच्या निर्णयांना जागा ठेवतो.

डिजिटल कॅमेऱ्यात ही जागा उलट्या बाजूने राखावी लागते. नेगेटिव्हला सावली जपावी लागे, सेन्सरला उजेड जपावा लागतो, कारण पूर्ण पांढरं झालेलं आकाश रॉ फाइलमधूनही परत येत नाही. हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला धडकत नाही ना, एवढं पाहून फोटो काढावा.

सराव कसा करायचा

भर उन्हात मीटरकडे न पाहता एफ/१६ लावा आणि शटरला आयएसओचा आकडा द्या: आयएसओ १०० तर १/१००, २०० तर १/२००. फोटो पाहा, मग मीटरशी ताडून पाहा. ऊन, सावली, ढगाळ हवा, खिडकीजवळची खोली, रस्त्याचे दिवे, असे पाच उजेड याप्रमाणे डोळ्याला ओळखीचे करा.

मग आठवडी बाजारात संध्याकाळी, दिवे लागण्याआधी जा. कॅमेरा एखाद्या कट्ट्यावर टेकवा. आयएसओ १०० ठेवून एकाच चौकटीचे तीन फोटो काढा: एफ/११ आणि १/४, एफ/५.६ आणि १/१५, एफ/२.८ आणि १/६०. उजेड तिन्हींत सारखा येईल. पहिल्यात बसलेली भाजीवाली राहील आणि गिऱ्हाइकं पुसट होतील, तिसऱ्यात एकच चेहरा उरेल. कोणता फोटो तुम्हाला म्हणायचं होतं ते म्हणतो, ते ठरवा आणि का ते लिहून ठेवा.

दर आठवड्याला एका थोर छायाचित्रकाराचा एकच फोटो घ्या. काय हललं आहे, काय थांबलं आहे? स्पष्टता कुठे सुरू होते आणि कुठे संपते? सर्वांत काळी जागा कोणती, आणि ती तशी का ठेवली असेल? यावरून शटर आणि ॲपर्चरचा अंदाज बांधा. मग तोच निर्णय आपल्या गावातल्या एखाद्या विषयावर घेऊन पाहा. विषयाची नक्कल केली तर दुसऱ्याचा फोटो हाती येतो, निर्णयाची तालीम केली तर स्वतःचा.

आकडे एका महिन्यात हाताशी येतील. त्यानंतर शटरचं चाक फिरवताना प्रत्येक वेळी कारण सांगता आलं पाहिजे: मला ही गर्दी वाहती हवी आहे, मला हा चेहरा एकटा हवा आहे, मला हा अंधार अंधारच ठेवायचा आहे. ज्या दिवशी कारण आधी सुचेल आणि आकडा मागाहून येईल, त्या दिवसापासून तुम्ही कॅमेरा चालवू लागलात असं खुशाल समजा.